महानुभाव-वाङ्मयाचें संशोधन व लोकांची बोली

मराठींत ‘मानभावी’ असा एक शब्द रूढ आहे. तोंडानें गोड व पोटांत कपट, असा त्याचा अर्थ शाळेंतील मूलही जाणतें. हा शब्द ‘महानुभाव’ या नांवाच्या अपभ्रंशापासून निघाला, व ज्या पंथाचें तें नांव त्यानेंच मराठीस तिचा पहिला मोठा गद्यग्रंथ दिला, ही गोष्ट मात्र कोशकारांस आणि आमच्यासारख्या जुनीं पानें चाळणारांस तेवढी ठाऊक असते. कै. ह. ना. नेने यांनीं लीळाचरित्र छापण्यास आरंभ केला त्यास आतां नव्वद वर्षांच्या आसपास काळ लोटला. या अवधींत पंथाच्या ग्रंथांवर प्रबंध झाले, संहिता सिद्ध झाल्या, परदेशांतील विद्यापीठांनीं भाषांतरें काढलीं. शब्द होता तेथेंच आहे. संशोधनाचा व लोकव्यवहाराचा धागा किती तुटला आहे हें दाखविण्यास याहून जवळचें उदाहरण आम्हांस सुचत नाहीं.

प्रस्तुत लेखांत पाठ व तिथि यांची झाडाझडती घेण्याचा आमचा हेतु नाहीं. तें काम अधिकारी पुरुषांनीं केलें आहे व आजही चालू आहे. आमचा प्रश्न निराळा आहे. धर्मवाङ्मयाचा शास्त्रीय अभ्यास पंडिताच्या खोलींतून चावडीवर कसा यावा, कोणत्या भाषेंत यावा, आणि येतांना पोथी राखणाऱ्या धन्यास विचारून यावा किंवा कसें, हा तो प्रश्न. महानुभाव-वाङ्मय हें त्याचें उत्तम परीक्षास्थान आहे. कारण हें वाङ्मय प्रथम उघडें होतें, मग कुलुपांत गेलें, मग संशोधकांनीं कुलूप काढलें, आणि त्यानंतर दुसरेंच एक कुलूप बसलें असें आमचें मत आहे.

सातशें वर्षांपूर्वीं हाच प्रश्न पंथांत एकदां उपस्थित झाला होता. श्रीचक्रधरांच्या प्रयाणानंतर पंथाची धुरा नागदेवाचार्य ऊर्फ भटोबास यांजकडे आली. त्यांचे शिष्य केसोबास संस्कृताचे मोठे पंडित. सूत्रपाठाची जुळणी त्यांची, दृष्टान्तपाठही त्यांचाच. त्यांनीं संस्कृतांत ग्रंथ करण्याचा विचार बोलून दाखवितांच भटोबासांनीं त्यांस अडविलें. कारण काय दिलें तें स्मृतिस्थळांत नोंदलेलें आहे : तसें केल्यास आपल्या म्हाताऱ्या नागवल्या जातील. संस्कृत वाईट असें ते म्हणाले नाहींत. मराठी थोर असेंही म्हणाले नाहींत. ज्या वृद्ध स्त्रियांनीं स्वामींस पाहिलें, त्यांचे शब्द कानांत सांठविले, त्यांच्याच हातांतून ती ठेव जाईल, एवढाच त्यांचा हिशेब. ‘नागवणें’ हें क्रियापद ध्यानांत घेण्याजोगें आहे. ज्याचें कांहीं स्वतःचें आहे तोच नागवला जातो. म्हाताऱ्यांस ज्ञान द्यावयाचें आहे असें भटोबासांनीं मानिलें नाहीं; तें त्यांचें आहेच, तें काढून घेऊं नये, असें मानिलें. आजच्या ‘लोकशिक्षण’ या शब्दांत जी वरून खालीं ओतण्याची कल्पना आहे, तिचा येथें लवलेश नाहीं.

लीळाचरित्राची घडणही याच वळणाची आहे. म्हाइंभट मूळचे सराळ्याचे, सधन व शास्त्रज्ञ ब्राह्मण. त्यांनीं ऋद्धपुरीं बसून कल्पनेनें चरित्र रचलें नाहीं. ज्यांनीं स्वामींस पाहिलें होतें त्यांस गांठून, विचारून, त्यांनीं आठवणी जमविल्या व भटोबासांकडून पारखून घेतल्या. पुढें मूळ प्रत धाडींत गेली व ग्रंथ स्मरणांतून पुनः उभा करावा लागला, असें पंथाची परंपरा सांगते. त्यामुळें निरनिराळे पाठ चालू झाले. त्यांत हिराइसा या स्त्रीच्या स्मरणांतील पाठ विशेष मानाचा. महानुभाव लेखकांनीं हे भेद दडपले नाहींत. अमक्याचें म्हणणें असें, तमकीची आठवण तशी, अशा भेदास त्यांनीं ‘वासना’ हें नांव दिलें. चौकशीनें जें निष्पन्न झालें त्यास ‘शोध’ म्हटलें. आणि ज्याची आठवण त्याचें नांव तिच्याशीं जोडून ठेविलें. पाठचिकित्सा ही वस्तु आपण सर्वस्वीं पश्चिमेकडून घेतली असें समजणारांनीं लीळाचरित्राचीं चार पानें लक्षपूर्वक पाहावींत. श्रद्धावान् मनुष्य चौकशी करीत नाहीं, हा समजही तेथेंच गळून पडतो. येथें चौकशी श्रद्धेच्याच पोटीं जन्मली आहे.

मग कुलूप आलें. पंथानें आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहिण्याची पद्धत स्वीकारली. सकळ, सुंदरी, अंक, वज्र, पारमांडल्य अशा या लिप्या पुष्कळ आहेत. सर्वांत प्रचारांतली सकळ, व तिचें कर्तृत्व परंपरेनें सह्याद्रिवर्णनकार रवळोबास यांजकडे दिलें जातें. युक्ति साधी. एका अक्षराच्या जागीं दुसरें ठराविक अक्षर योजावयाचें; जो किल्ली जाणतो त्यास पोथी घडघडा वाचतां येते, इतरांस ती निरर्थक अक्षरांची रांग दिसते. हें कां केलें यावर मतें आहेत. धाडींचें भय म्हणावें, निंदकांच्या हातीं पवित्र वचनें जाऊं नयेत ही काळजी म्हणावी, कीं अनधिकाऱ्यास शास्त्र देऊं नये हा सर्वच संप्रदायांत आढळणारा निर्बंध म्हणावा. आमच्या मतें तिन्ही कारणें कमीअधिक प्रमाणांत असावींत. परिणाम मात्र एक झाला. बाहेरच्या लोकांस वाचावयास कांहीं उरलें नाहीं, व रिकाम्या जागीं ऐकीव कथा शिरल्या. एकोणिसाव्या शतकांतील गॅझेटियरांत पंथाविषयीं जी हेटाळणीची माहिती छापली गेली, ती बहुधा पंथाबाहेरील तोंडांतूनच आलेली आहे. भटोबासांनीं म्हाताऱ्यांसाठीं जी भाषा राखली, ती त्यांच्याच अनुयायांनीं शेजाऱ्यांपासून लपविली. शेजाऱ्यांनीं त्याचा सूड एका शब्दानें घेतला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

कुलूप काढण्याचें श्रेय कै. वि. का. राजवाडे, कै. वि. ल. भावे, कै. य. खु. देशपांडे प्रभृतींस आहे, आणि तितकेंच तें ज्या महंतांनीं पोथ्या दाखविल्या, वाचून दिल्या, त्यांसही आहे. या दुसऱ्या श्रेयाचा उच्चार आमच्या लेखनांत फार क्वचित् होतो. ‘लिपी उलगडली’ असें आपण लिहितों, जणु मेलेल्या संस्कृतीचा शिलालेख वाचला. वस्तुतः लिपी मेलेली नव्हती. मठांत ती रोज वाचली जात होती. एक जिवंत परंपरा आपल्याशीं बोलूं लागली, असें म्हणणें अधिक खरें झालें असतें, आणि पुढचे पुष्कळ गैरसमज टळले असते.

आतां दुसऱ्या कुलपाविषयीं. देशपांडे यांचा ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ १९२५ सालीं निघाला, नेने यांचे लीळाचरित्राचे भाग १९३६ पासून, स्मृतिस्थळ कै. वा. ना. देशपांडे यांनीं १९३९ सालीं दिलें, कै. शं. गो. तुळपुळे यांनीं लीळाचरित्राचे भाग विद्यार्थ्यांच्या हातीं दिले, आणि कै. वि. भि. कोलते यांनीं आयुष्य वेंचून सिद्ध केलेली संहिता १९७८ सालीं महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळानें छापली. एवढी सामग्री दुसऱ्या कोणत्याही मध्ययुगीन मराठी संप्रदायास क्वचितच लाभली असेल. पण या परंपरेंतील संपादकीय प्रस्तावना जे चाळतील त्यांस दिसेल कीं, त्या एका विद्वानानें दुसऱ्या विद्वानास उद्देशून लिहिल्या आहेत. भाषेचा निर्णय, विभक्तिरूपें, शकाचा मेळ यांस पानेंच्या पानें. आणि ज्याचा देव या ग्रंथांत चालतो, बोलतो, जेवतो, त्या माणसास हें पुस्तक काय म्हणून उघडावें याविषयीं ओळ नाहीं. हिराइसेचें नांव म्हाइंभटाच्या परंपरेनें ओळींत ठेविलें होतें; आमच्या छापखान्यांत सांगणारांचीं नांवें तळटीपेंत उतरलीं व तेथून संक्षेपाच्या अक्षरांत गेलीं. सकळ लिपीची किल्ली मिळाली, पण संक्षेपांची सूची ज्यास लागत नाहीं त्याची गत पूर्ववत् राहिली.

कोलते यांच्या संहितेवरून पंथीयांत मोठी नाराजी उठली, हें वाचकांस विदित आहेच. त्या प्रकरणाची कैफियत मांडण्याची ही जागा नव्हे. परंतु अशा वादांत वारंवार पुढें येणारा एक प्रश्न उदाहरणादाखल घेऊं. चक्रधरांचा शेवट कसा झाला? कांहीं अभ्यासक राजसत्तेच्या हस्तें वध झाला असें मानितात व हेमाद्रीकडे बोट दाखवितात. पंथाची निष्ठा अशी कीं, स्वामी उत्तरापंथें गेले, व ते आहेत. हा प्रश्न सभेंत निघाला कीं दोन पक्ष होतात. संशोधक म्हणतो, पोथी असें सांगते. भक्त म्हणतो, पोथी आमची आहे. आमच्या मतें दोघांचेंही बोलणें अपुरें आहे. ‘पोथी सांगते’ असें म्हणतांना कोणती पोथी, कोणाची वासना, किती उशिराची नक्कल, हें सांगण्याची जबाबदारी संशोधकाची. आणि पोथींतून आपण जें अनुमान काढतों तें आपलें आहे, पोथीचें नव्हे, हेंही त्यानें स्वच्छ कबूल केलें पाहिजे. हें केलें तर भक्त रागावणार नाहीं असें नाहीं. पण तो रागावेल तो अनुमानावर. आपणांस फसविलें गेलें असें त्यास वाटणार नाहीं. तसेंच ‘पोथी आमची आहे’ हें म्हणणें राखणारा या नात्यानें सर्वथा खरें असलें, तरी त्यायोगें दुसऱ्यानें ती वाचूं नये असें ठरत नाहीं. ज्या ग्रंथानें स्वतःच दहा जणांच्या आठवणी जुळत नाहींत हें उघड मांडलें, त्याचा अभ्यास करणारावर पाठभेद दाखविल्याचा ठपका ठेवणें हें त्या ग्रंथाच्याच स्वभावाशीं विसंगत आहे.

येथवर पंडितांचा दोष दाखविला. लोकांत हें वाङ्मय आणण्याचा ज्यांनीं उत्साहानें प्रयत्न केला, त्यांचेंही परीक्षण केल्यावांचून लेख एकतर्फी होईल. चक्रधरांचें एक सूत्र मराठी भाषेच्या सभांत नेहमीं ऐकूं येतें : अनुयायांनीं कानडी व तेलंग देशांत जाऊं नये, महाराष्ट्रांत राहावें, या आशयाचें. वक्ता तें म्हणतो, टाळ्या पडतात, आणि स्वामी मराठी अभिमानाचे आद्य प्रवर्तक ठरतात. ज्यांनीं सूत्रपाठ उघडला असेल त्यांस ठाऊक आहे कीं, त्या सूत्रास कारण जोडलेलें आहे. ते देश विषयांनीं समृद्ध आहेत, तेथें संन्याशास मान मिळतो, म्हणून जाऊं नये. म्हणजे महाराष्ट्रांत राहावयाचें तें या भूमीच्या गौरवासाठीं नव्हे, तर येथें सुख कमी व मान त्याहून कमी म्हणून! सूत्र विरक्तीचें आहे. अभिमान हा तर साधकानें टाकावयाच्या वस्तूंपैकीं पहिला. इतक्या जवळ असलेलें कारण वक्त्यानें सोडून द्यावें, आणि सभागृहांत बसलेल्या प्राध्यापकानें तें सुधारूं नये, याचें आम्हांस नेहमीं आश्चर्य वाटतें. एकदां एका सभेंत आम्हीं स्वतः गप्प बसलों होतों, हें येथें नमूद करणें प्रामाणिकपणाचें होईल. प्रसंग आनंदाचा होता, व आनंदांत खोडा घालूं नये असें आम्हांस वाटलें. अशाच शिष्टाचारानें चुकीच्या गोष्टी रूढ होतात.

स्त्रिया व शूद्र यांस पंथांत मिळालेल्या स्थानाविषयींही असेंच घडतें. तें स्थान खरें आहे; महदंबा, हिराइसा हीं नांवें कोणी पुसूं शकत नाहीं. पण स्वामींस ‘समाजसुधारक’ म्हणून उभें करितांना त्यांच्या शिकवणीचा कणाच काढून टाकला जातो. जीव, देवता, प्रपंच, परमेश्वर हे चार नित्य पदार्थ. देवतांच्या भक्तीनें मोक्ष नाहीं. परमेश्वराच्या अवताराचें सान्निध्य हाच उद्धार, व तो नसतां त्याच्या स्मरणांत, भिक्षेवर, झाडाखालीं आयुष्य काढावयाचें. भेद मोडले ते या दर्शनामुळें. जातीचा अभिमान हाही प्रपंचच म्हणून. ही मांडणी आजच्या श्रोत्यास जड जाईल या भीतीनें ती वगळणें म्हणजे श्रोत्यास कमी लेखणें होय. कीर्तनांत याहून अवघड वेदान्त ऐकणारा समाज हा आहे.

परदेशीय अभ्यासकांविषयीं दोन शब्द. रेसाइड यांनीं १९६० सालीं महानुभाव ग्रंथांची सूची व १९७० सालीं सकळ लिपीवर निबंध लंडनच्या नियतकालिकांत दिला. श्रीमती ॲन फेल्डहाउस यांनीं सूत्रपाठ १९८३ सालीं, ऋद्धपूरलीळा १९८४ सालीं, व तुळपुळे यांच्या सहकार्यानें स्मृतिस्थळ १९९२ सालीं इंग्रजींत नेलें. या दोघांचा प्राचीन मराठीचा कोश १९९९ सालीं निघाला, व आज तो शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कोणासही विनामूल्य पाहतां येतो. ख्रिश्चन नोवेत्स्के यांनीं २०१६ सालच्या आपल्या ग्रंथांत तर लीळाचरित्र व ज्ञानेश्वरी यांवरूनच असा सिद्धान्त मांडला कीं, रोजच्या जगण्याची भाषा धर्मविचारांत आली तेव्हां या प्रदेशांत सार्वजनिक चर्चेची एक भूमि तयार झाली. सिद्धान्त विचारार्ह आहे. आमची तक्रार त्यांजविषयीं नाहीं. परदेशांतला मनुष्य आपल्या वाचकांसाठीं आपल्या भाषेंत लिहिणार, हें उघड आहे. तक्रार आमच्याविषयींच आहे, कीं म्हाताऱ्या नागवूं नयेत या वाक्यावर उभा राहिलेला विचार आम्ही इंग्रजींत वाचतों, इंग्रजींत त्यावर मत देतों, आणि मराठींत त्याचा उल्लेख करावयाचा तर ग्रंथाचें नांव व साल एवढ्यावर थांबतों. हा लेखही त्या दोषांतून सर्वस्वीं सुटला आहे असें आम्ही म्हणत नाहीं. जातां जातां आणखी एक. पंजाबांत ‘जयकृष्णी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पंथीयांच्या घरीं मराठी बोलली जात नाहीं; तरी धर्मग्रंथ मराठीच. तेथें मराठीच संस्कृताच्या जागीं बसली आहे. भटोबास आज असते तर त्यांनीं पंजाबच्या म्हाताऱ्यांसाठीं केसोबासांस काय करावयास सांगितलें असतें, याचा विचार मनोरंजक आहे.

आतां एक अनुभव सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं वऱ्हाडांतील एका खेड्यांत पोथी पाहण्यास आम्ही गेलों होतों. घर गृहस्थाचें, पंथ पिढीजात. दंडवत झाले, चहा झाला, पोथी बासनांत बांधून समोर चौरंगावर आली. तेवढ्यांत आमच्यापैकीं एकानें वाटेंत भेटलेल्या दलालाची गोष्ट काढली व ‘अगदीं मानभावी मनुष्य’ असे शब्द त्याच्या तोंडून सहज निघाले. कोणी कांहीं बोललें नाहीं. यजमानांनीं बासन सोडलें नाहीं, इतकेंच. मग माजघराच्या दारांतून त्यांच्या मातोश्री, वय ऐंशीच्या पुढें, म्हणाल्या, “शिकले-सवरले लोक तुम्ही. आमचं नांव घ्याचं तं पुरं घ्या ना, बापा.” आमच्या सोबत्यानें त्यांच्या पायांवर डोकें ठेविलें. तो लीळाचरित्रावर व्याख्यानें देणारा मनुष्य होता. ग्रंथाच्या भाषेंतील बारकावे त्याला मुखोद्गत. पण बोलीच्या कप्प्यांत त्याची विद्या शिरलेली नव्हती. आमचीही नव्हती, आम्हांस तो शब्द खटकला तो आजींचें बोलणें ऐकल्यावर.

यजमानांनीं पोथी न दाखविण्याचें आणखी एक कारण नंतर सांगितलें. त्यांच्या वडिलांच्या वेळीं एक गृहस्थ नक्कल करून घेतों म्हणून दुसरी एक पोथी घेऊन गेले, ती परत आली नाहीं. नांव त्यांनीं सांगितलें नाहीं, आम्हीं विचारलें नाहीं. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या संग्रहीं महानुभावीय पोथ्या आहेत त्यांनीं आपापल्या आवकवह्या एकदां पाहाव्या, असें आम्ही आग्रहानें सुचवितों. ‘अमुक गांवाहून, अमुक सालीं, पाहण्यास आणली’ अशा नोंदी त्यांत असण्याचा संभव आहे. पोथी परत करणें शक्य नसेल तेथें निदान तिचें संपूर्ण छायाचित्र त्या घरीं पोंचविणें आज अवघड राहिलेलें नाहीं. त्यासोबत देवनागरींत उतरून काढलेली प्रत दिली तर सोन्याहून पिवळें. ऋद्धपूर येथें मराठी भाषा विद्यापीठ स्थापण्याचा कायदा २०२३ सालीं झाला. ज्या गांवीं म्हाइंभटांनीं आठवणी जुळविल्या तेथेंच हें विद्यापीठ असल्यामुळें, पोथीघरांशीं हा व्यवहार पुनः सुरू करण्याचें काम त्यानें प्रथम हातीं घ्यावें, अशी आमची अपेक्षा आहे. पदव्यांचा अभ्यासक्रम नंतर ठरला तरी चालेल.

त्या दिवशीं पोथी उघडली नाहीं. मात्र निघतांना आजींनीं आम्हांस गांवाबाहेरचा ओटा दाखविण्यास नातू बरोबर दिला, आणि स्वतःही काठी टेंकीत आल्या. स्थानपोथींतील दिशा व प्रत्यक्ष ओटा यांचा मेळ आम्हांस लागेना. छापील प्रत हातांत घेऊन आम्ही पाठ अशुद्ध असावा असा तर्क चालविला होता. आजी म्हणाल्या, पाठ बरोबर आहे. त्यांच्या सासूबाईंच्या सांगण्याप्रमाणें विहीर खणली तेव्हां वाट फिरली, म्हणून दार आतां उलट बाजूस दिसतें. जुन्या वाटेची दगडी कड नातवानें गवत बाजूस सारून दाखविली. हा शोध आम्हीं टिपणवहींत आजींच्या नांवें उतरून घेतला आहे. तें नांव छापूं नये अशी त्यांची इच्छा असल्यानें येथें दिलें नाहीं.